गोंदाने जोडलेले केस : संरक्षण की संकट?

लांबसडक, दाट केसांचे आकर्षण जगात सर्वत्र सारखेच आहे. केस आखूड किंवा विरळ असतील तर वेणीत गंगावन गुंफून अंबाडा भरदार करण्याची रीत महाराष्ट्रातही जुनीच. मात्र, अमेरिका, ब्रिटन, कॅरिबियन बेटे आणि आफ्रिका खंडातील कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी उसने केस लावणे हा केवळ नटण्या-सजण्याचा भाग नाही. स्वतःचे नाजूक, कुरळे केस तुटू नयेत म्हणून ते काही काळ झाकून ठेवण्याचा तो एक उपाय आहे. अशा केशरचनांना 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल', म्हणजेच संरक्षक केशरचना, असे म्हटले जाते. वेण्या, पीळ, टोप आणि 'वीव्ह' हे तिचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी वीव्ह जोडण्याची सर्वांत झटपट व स्वस्त पद्धत म्हणजे गोंदाने केस चिकटवणे. परंतु, जी रचना केसांच्या रक्षणासाठी केली जाते, तीच केसांच्या मुळावर उठत असेल तर? गोंदाने जोडलेल्या वीव्हबाबत त्वचारोगतज्ज्ञ हाच प्रश्न उपस्थित करीत आले आहेत.

संरक्षणाची गरज का भासते?

आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचे केस घट्ट वेटोळ्यांचे असतात. आडवा छेद घेतल्यास हा केस गोल न दिसता लंबगोल, चपटा दिसतो. डोक्याच्या त्वचेतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत ओघळते. वेटोळ्या केसावर मात्र ते मुळाशीच अडकून राहते. परिणामी केसांची टोके कोरडी पडतात. शिवाय प्रत्येक वळणाशी केस कमकुवत असतो. कंगवा फिरवताना, उशीवर घासताना किंवा गुंता सोडवताना तो नेमका तेथेच तुटतो. म्हणूनच 'माझे केस वाढतच नाहीत' ही या स्त्रियांची तक्रार बहुधा अपुरी ठरते. केस वाढत असतात. पण जितके मुळाशी वाढतात तितकेच टोकाशी तुटतात.

यावर उपाय म्हणून टोके झाकून ठेवायची, रोजची विंचरण टाळायची, इस्त्रीसारख्या तापत्या उपकरणांपासून केस दूर ठेवायचे आणि काही आठवडे त्यांना विश्रांती द्यायची, हे संरक्षक केशरचनेमागचे तत्त्व आहे. केस सरळ करणाऱ्या रसायनांना, म्हणजे 'रिलॅक्सर'ना, पर्याय म्हणूनही अनेक जणी या रचनांकडे वळल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्यानंतर या रसायनांविषयीची चिंता आणखी वाढली.

या विषयाला सामाजिक बाजूही आहे. वेटोळे केस 'नीटनेटके' नाहीत, हा समज अमेरिकेत शाळा व कचेऱ्यांमध्ये दीर्घकाळ रूढ होता. केसांच्या नैसर्गिक पोतावरून होणाऱ्या भेदभावास बंदी घालणारा 'क्राऊन' कायदा सर्वप्रथम कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. नोकरीच्या ठिकाणी सरळ केसांची अलिखित अपेक्षा असेल आणि रसायने नकोशी वाटत असतील, तर वीव्ह हा मधला मार्ग ठरतो. तो निवडणाऱ्या स्त्रीला केवळ 'फॅशनवेडी' म्हणून मोडीत काढणे म्हणूनच योग्य नव्हे.

वीव्हचा पूर्वेतिहास

केस चिकटवण्याची कल्पना आधुनिक नाही. प्राचीन इजिप्तमधील मानवी केसांच्या टोपांत बटा पक्क्या बसवण्यासाठी मधमाश्यांचे मेण आणि राळ वापरलेली आढळते. आजच्या वीव्हचा इतिहास मात्र अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लीव्हलँड शहराशी जोडलेला आहे. तेथील क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय केशभूषाकार महिलेने उसने केस स्त्रीच्या स्वतःच्या केसांत दोऱ्यांच्या साह्याने विणून पक्के करण्याची पद्धत विकसित केली. १९५२ मध्ये तिला या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्यापूर्वी टोप पिना आणि क्लिपा लावून बसवले जात. ते सरकण्याची, निसटण्याची भीती सदैव असे. विणलेल्या केसांनी ती भीती घालवली. 'वीव्ह', म्हणजे विणणे, हे नाव या पद्धतीला त्यामुळेच शोभते. पुढे वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी सुई-दोऱ्याच्या जागी गोंद आला. नाव तेच राहिले, पण विणकाम उरले नाही.

गोंदाची वीव्ह कशी लावतात?

वीव्हसाठीचे केस एका बाजूने शिवून पट्टीच्या स्वरूपात विकले जातात. या पट्टीला 'वेफ्ट' किंवा 'ट्रॅक' म्हणतात. ती डोक्यावर बसवण्याचे गोंदाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात पट्टी थेट स्वतःच्या केसांवर चिकटवली जाते. केस धुऊन पूर्ण कोरडे केल्यावर त्यांचा आडवा भांग पाडतात. पट्टी मापाने कापून तिच्या शिवणीवर गोंदाची बारीक रेघ ओढतात. गोंद थोडा सुकून चिकट झाला की पट्टी भांगालगतच्या केसांवर, त्वचेपासून किंचित अंतर राखून दाबून बसवतात. अशा एकावर एक ओळी चढवत मानेपासून वरपर्यंत येतात. हे किंचित अंतर फार महत्त्वाचे आहे. गोंद त्वचेवर उतरला की पुढच्या बहुतेक तक्रारींची सुरुवात तेथूनच होते.

दुसऱ्या प्रकाराला 'क्विक वीव्ह' म्हणतात. यात स्वतःचे केस डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्यांत, म्हणजे 'कॉर्नरो'मध्ये गुंफतात किंवा जेल लावून चापूनचोपून बसवतात. त्यावर पातळ, ताणली जाणारी जाळीदार टोपी चढवतात. काही ठिकाणी त्यावर कडक थर तयार करणारे संरक्षक द्रव्यही लावतात. सर्व पट्ट्या या टोपीवर चिकटवल्या जातात. म्हणजे गोंद आणि केस यांच्यामध्ये एक आडोसा राहतो.

या दोन प्रकारांतील फरक वरवर पाहता लहान वाटतो. प्रत्यक्षात तो निर्णायक आहे. पहिल्यात गोंद केसांवर असतो, तर दुसऱ्यात टोपीवर. 'गोंदाची वीव्ह चांगली की वाईट' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी याच फरकावर अवलंबून असते.

जमेची बाजू

* वेळेची बचत : सुई-दोऱ्याने वीव्ह शिवण्यासाठी आधी संपूर्ण डोक्याच्या बारीक वेण्या घालाव्या लागतात, त्यानंतर पट्ट्या शिवायच्या. यात चार-पाच तास सहज जातात. गोंदाचे काम त्याच्या निम्म्याहून कमी वेळात आटोपते.

* खर्च कमी : वेळ कमी लागतो म्हणून मजुरीही कमी पडते. थोडा सराव असलेली स्त्री मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या मदतीने घरीही हे काम करू शकते.

* सपाट बैठक : वेण्या आणि शिवणीमुळे येणारा उंचवटा गोंदाच्या पट्टीत दिसत नाही. केस स्वतःचेच असल्याचा भास होतो. स्वतःचे केस अगदी आखूड असतील, वेण्या घालण्याजोगी लांबी नसेल, तरीही पट्टी बसवता येते.

* वेण्यांची ओढ नाही : थेट चिकटवलेल्या पट्टीसाठी घट्ट वेण्या घालाव्या लागत नाहीत. शिवलेल्या वीव्हमध्ये वेण्या आणि दोरा हे दोन्ही मुळांना ताण देतात. नवशिक्या हातांनी घातलेल्या घट्ट वेण्यांनी डोके दोन-तीन दिवस ठणकत राहते. गोंदात हा पहिला ताण टळतो.

* तापत्या उपकरणांपासून सुटका : स्वतःचे केस आत झाकले गेले, तर ते सरळ करण्यासाठी किंवा कुरळे करण्यासाठी उष्णता द्यावी लागत नाही. हवी ती कलाकुसर उसन्या केसांवर करता येते.

लग्नसमारंभ, छायाचित्रण, रंगमंचावरील कार्यक्रम अशा अल्पकालीन निमित्तांसाठी ही पद्धत सोयीची आहे, याबाबत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो 'संरक्षक' या विशेषणाबद्दल.

संरक्षणाच्या कसोटीवर

एखादी केशरचना संरक्षक म्हणवून घेण्यासाठी तिने तीन अटी पुऱ्या करायला हव्यात. केसांची टोके झाकलेली राहावीत, मुळांवर ओढ पडू नये आणि त्वचा व केसांना ओलावा व स्वच्छता मिळत राहावी. गोंदाने थेट चिकटवलेली वीव्ह पहिली अट निम्मी पाळते, उरलेल्या दोहोंत मात्र ती कमी पडते.

पहिली अडचण झाकण्याचीच. थेट चिकटवलेल्या प्रकारात डोक्याच्या वरच्या भागातील काही केस पट्ट्या लपवण्यासाठी बाहेर ठेवावे लागतात. उसने केस सरळ असतील तर बाहेर ठेवलेले स्वतःचे केसही त्यांच्याशी मिळतेजुळते दिसावेत म्हणून वारंवार इस्त्री केले जातात. परिणामी आतले केस सुरक्षित आणि बाहेरचे भाजलेले, अशी स्थिती होते. वीव्ह काढल्यावर माथ्यावरचे केसच सर्वांत आखूड व विरळ झालेले आढळतात, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी अडचण तेलाची. केसांसाठी वापरला जाणारा गोंद तेलाने विरघळतो. तो काढण्याचे औषधच मुळी तेलयुक्त असते. साहजिकच वीव्ह टिकवायची तर डोक्याला तेल लावता येत नाही. ज्या केसांचे मूळ दुखणे कोरडेपणा हेच आहे, त्यांना दोन-तीन आठवडे तेलापासून दूर ठेवणे हा या पद्धतीतील मोठा अंतर्विरोध होय. वारंवार धुतल्याने आणि घामानेही गोंद सुटतो. त्यामुळे धुणे टाळले जाते, कोंडा साचतो आणि खाज सुटते. खाजवता येत नाही म्हणून डोक्यावर थापट्या मारणाऱ्या स्त्रिया हे कृष्णवर्णीय वस्त्यांतील परिचित दृश्य आहे.

तिसरी अडचण वजनाची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आफ्रिकी वंशाच्या केसांत ही वाढ त्याहून काहीशी कमी असते. केस वाढतो तशी चिकटवलेली पट्टी मुळापासून दूर सरकते. मुळाशी घट्ट बसलेली पट्टी आता लोंबकळू लागते आणि तिचे वजन थोड्या केसांवर पडते. पट्टी आणि त्वचा यांच्यातील मोकळ्या जागेत केसांचा गुंता होऊ लागतो. तीन आठवड्यांची वीव्ह 'अजून चांगली दिसते' म्हणून सहा आठवडे ठेवली, तर पुढील तीन आठवडे ही ओढ अहोरात्र चालू राहते.

ओढीने पडणारे टक्कल

या साऱ्यातील गंभीर धोका म्हणजे 'ट्रॅक्शन अॅलोपेशिया'. सोप्या भाषेत सांगायचे तर ओढीने पडणारे टक्कल. चाई पडणे हा विकार शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडाने होतो. हे टक्कल मात्र पूर्णपणे बाह्य कारणाने, केसांच्या मुळांवर सतत ताण आल्याने पडते. घट्ट केशरचना करणाऱ्या ग्रीनलँडमधील स्त्रियांमध्ये त्याची नोंद १९०७ मध्येच झाली होती. भारतात लांब केसांचा घट्ट बुचडा बांधणाऱ्या शीख मुला-पुरुषांमध्येही ते आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणजेच हा विकार वंशाचा नसून सवयीचा आहे.

या सवयीचा सर्वाधिक भार कृष्णवर्णीय स्त्रियांवर पडतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथील त्वचारोगतज्ज्ञ नॉनलान्ला खुमालो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या प्रौढ आफ्रिकी स्त्रियांपैकी सुमारे ३२ टक्के स्त्रियांमध्ये ओढीचे टक्कल आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये विविध केशरचनांची धोक्यानुसार वर्गवारी केली. तीत घट्ट वेण्या, जटा, वीव्ह आणि उसन्या केसांच्या जोडण्या यांचा समावेश अधिक धोक्याच्या गटात करण्यात आला. आधी रसायनांनी सरळ केलेल्या केसांवर या रचना केल्यास धोका विशेष वाढतो, हे दोन्ही अभ्यासांतून पुढे आले. रसायनाने केस आधीच दुबळा झालेला असतो. त्यावर वीव्हची ओढ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

या टकलाची सुरुवात बहुधा कानशिलांपासून आणि कपाळावरील केसांच्या रेषेपासून होते. केसांची रेषा हळूहळू मागे सरकते. पुढे मात्र बारीक, आखूड केसांची एक झालर शिल्लक राहते. ती झालर दिसली की त्वचारोगतज्ज्ञ ओढीच्या टकलाची शक्यता गृहीत धरतात. थेट चिकटवलेल्या वीव्हमध्ये पट्टीच्या जागी, डोक्याच्या मधल्या भागातही विरळ पट्टे पडू शकतात.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. सुरुवातीच्या टप्प्यात ओढ थांबवली तर मुळे जिवंत असतात आणि काही महिन्यांत केस परत येऊ शकतात. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर केशमुळांच्या जागी व्रणासारखी ऊती तयार होते, त्वचा गुळगुळीत दिसू लागते आणि तेथे पुन्हा केस उगवत नाही. मग केशरोपणाखेरीज फारसा पर्याय उरत नाही. दुर्दैवाची बाब अशी की, विरळ झालेली रेषा झाकण्यासाठी अनेक जणी पुन्हा वीव्हचाच आधार घेतात. ज्याने केस गेले, तेच केस गेल्याचे लपवण्यासाठी वापरले जाते आणि परत फिरण्याचा काळ हातचा निघून जातो.

गोंदातील लेटेक्सचा धोका

केसांच्या अनेक गोंदांत नैसर्गिक रबराचा चीक, म्हणजे 'लेटेक्स', असतो. बहुतेकांना तो त्रासदायक ठरत नाही. परंतु ज्यांना लेटेक्सची अॅलर्जी आहे, त्यांना गोंद लागताच खाज, गांधी, डोळे-ओठ सुजणे, श्वास लागणे असा त्रास होऊ शकतो. केसांच्या गोंदामुळे जिवावर बेतणारी तीव्र अॅलर्जी उद्भवल्याच्या नोंदी २००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. रबरी हातमोजे सतत वापरणारे आरोग्य कर्मचारी, तसेच लहानपणी वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती यांच्यात ही अॅलर्जी अधिक दिसते. केळी, अॅव्होकॅडो, किवी अशी फळे खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज सुटते, त्यांनीही सावध राहावे. कारण या फळांतील काही प्रथिने लेटेक्समधील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात.

याखेरीज गोंदातील अन्य घटकांमुळे उशिरा प्रकट होणारी अॅलर्जीही होते. तिची लक्षणे एक-दोन दिवसांनी दिसतात. त्वचा लाल होणे, बारीक फोड येणे, पाणी सुटणे ही ती लक्षणे. वीव्ह डोक्यावर असल्याने ती वेळीच नजरेस पडत नाहीत.

काढताना खरी कसोटी

लावण्यापेक्षा काढणे अधिक जोखमीचे, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. तेलयुक्त 'रिमूव्हर' पट्टीच्या शिवणीवर सर्वत्र लावून तो मुरण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो. गोंद मऊ झाला की पट्टी आपोआप सरकू लागते. ती सरकत नसेल तर पुन्हा औषध लावावे, ओढू नये. घाईने ओढलेल्या पट्टीबरोबर स्वतःच्या केसांचा पट्टाच उपटून येतो. नखांचा रंग काढण्याचे द्रव्य या कामी वापरणे धोक्याचे आहे; त्याने त्वचा भाजल्यासारखी होते आणि ते ज्वालाग्राहीही असते.

पट्टी निघाल्यावर केसांत गोंदाचे बारीक गोळे उरतात. ते निघेपर्यंत पाणी लावू नये. अन्यथा गुंता घट्ट होतो. तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे हळूहळू विंचरावे आणि त्यानंतरच केस धुवावेत.

वीव्ह काढताना हातात आलेला केसांचा पुंजका पाहून अनेक जणी घाबरून जातात. येथे थोडा हिशेब लक्षात घ्यावा. प्रत्येकाचे रोज साधारण ५० ते १०० केस नैसर्गिकरीत्या गळतात. तीन आठवडे अडकून राहिलेले हे केस एकदम बाहेर आले तर त्यांची संख्या हजार-दोन हजारांच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे पुंजका मोठा म्हणजे नुकसान झालेच, असे नाही. गळलेल्या केसाच्या एका टोकाशी पांढरी बारीक गाठ असते. तुटलेल्या केसाला ती नसते. आखूड, गाठ नसलेले तुकडे अधिक असतील, अथवा त्वचेवर मोकळा पट्टा दिसत असेल, तर मात्र काळजीचे कारण आहे.

शिवण की गोंद?

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना 'अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी' हिचा सल्ला या बाबतीत स्पष्ट आहे. वीव्ह लावायचीच असेल तर गोंदाऐवजी शिवलेली निवडावी. कारण गोंदातील रसायनांनी त्वचेचा दाह होऊन केस गळू शकतात. शिवलेली वीव्हही सहा ते आठ आठवड्यांहून अधिक काळ ठेवू नये आणि नंतर केसांना विश्रांती द्यावी, असे ही संघटना सांगते.

शिवलेल्या वीव्हमध्ये वेण्यांमधील त्वचा मोकळी राहते, तेथे तेल लावता येते आणि केस धुता येतात. काढताना दोरा कापला की काम झाले. केसांवर कोणतेही द्रव्य उरत नाही. अर्थात, वेण्या घट्ट असतील तर तिचाही धोका तितकाच. टोपीवर चिकटवलेली क्विक वीव्ह या दोहोंच्या मधली म्हणता येईल. गोंद टोपीवर राहिला तर केस वाचतात. मात्र टोपीच्या विणीतून गोंद झिरपला, किंवा केसांच्या रेषेवर टोपी नीट बसावी म्हणून कडेला थेट चिकटवली गेली, तर आडोशाचा उपयोग राहत नाही. टोपीखालील त्वचा धुताही येत नाही. त्यामुळे तिचा काळ एक-दोन आठवड्यांपुरताच मर्यादित ठेवणे हिताचे. केवळ टोके झाकण्याचा हेतू असेल, तर गोंद न लावता बसवलेला आणि रात्री काढून ठेवता येणारा टोप हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

केस जातात कोठून?

या विषयाचा एक धागा भारतापर्यंत येतो. जगातील वीव्हसाठी लागणाऱ्या मानवी केसांचा मोठा पुरवठा भारतातून होतो. तिरुमला येथे भाविक श्रीवेंकटेश्वराला अर्पण करतात ते केस देवस्थान लिलावाने विकते. एकाच डोक्यावरून एकत्र कापलेल्या या केसांतील सर्व खवले एकाच दिशेने असतात. त्यामुळे त्यांचा गुंता होत नाही. बाजारात त्यांना 'रेमी' म्हणतात आणि भावही चढा मिळतो. अमेरिकी विनोदवीर ख्रिस रॉक याच्या 'गुड हेअर' या २००९ मधील माहितीपटाने अमेरिकी पार्लरपासून भारतीय देवस्थानापर्यंतचा हा प्रवास पडद्यावर आणला.

दुसऱ्या प्रकारचे केस म्हणजे गुंतवळ. कंगव्यात निघालेली गुंतवळ जपून ठेवून, दारावर येणाऱ्या फेरीवालीला देऊन तिच्याकडून किरकोळ वस्तू घेण्याची रीत महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. या केसांत मुळे आणि टोके उलटसुलट मिसळलेली असतात. खवले एकमेकांत अडकू नयेत म्हणून ते आम्लाच्या प्रक्रियेने काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा लेप देऊन चमक आणतात. काही वेळा धुतल्यावर लेप जातो आणि केसांचा गुंता होऊ लागतो. स्वस्त वीव्ह दोन आठवड्यांत निस्तेज का दिसते, याचे उत्तर येथे आहे. कच्च्या केसांची चोरटी निर्यात रोखण्यासाठी भारत सरकारने २०२२ मध्ये त्यांच्या निर्यातीवर निर्बंध लादले.

मुंबई-पुण्याच्या पार्लरांतही 'हेअर एक्स्टेन्शन' आता नवे राहिलेले नाही. टेपने, केराटिनच्या थेंबाने किंवा बारीक कड्यांनी येथे केस जोडले जातात. पद्धत वेगळी असली, तरी वजन, ओढ आणि गोंदाचे तत्त्व तेच आहे. गंगावन रात्री काढून ठेवता येत असे. चिकटवलेली बट काढून ठेवता येत नाही, हा फरक येथील नववधूंनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ही काळजी घ्या

* गोंद प्रथमच वापरत असाल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून पाहा. लेटेक्सची अॅलर्जी असल्याचे माहीत असेल तर ही चाचणीही घरी करू नका. लेटेक्सविरहित गोंदाची माहिती आधी घ्या.

* केसांना नुकतेच रिलॅक्सर लावले असेल, डोक्यावर जखम किंवा खरूज असेल, कानशिलांवरील केस विरळ झाले असतील, बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर केस गळत असतील, तर गोंदाची वीव्ह टाळा.

* केसांच्या रेषेवर, कानांमागे आणि मानेवरील कोवळ्या केसांवर गोंद लावू देऊ नका. पट्टी त्वचेला टेकत असेल तर लगेच सांगा.

* लांब आणि जड केसांचा मोह आवरा. लांबी जितकी अधिक, तितकी मुळांवरील ओढ अधिक.

* केसांसाठी बनवलेलाच गोंद वापरा. घरगुती किंवा औद्योगिक गोंद कधीही वापरू नका.

* लावताना किंवा लावल्यानंतर वेदना, ठणका, बारीक पुरळ, खपल्या दिसल्या तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. दुखणे हा ओढीचा पहिला इशारा असतो.

* लावण्याच्या दिवशीच काढण्याचा दिवस ठरवा. थेट चिकटवलेली वीव्ह तीन आठवड्यांपलीकडे नेऊ नका.

* एक वीव्ह काढली की लगेच दुसरी लावू नका. मध्ये काही आठवडे केस मोकळे ठेवा, तेल-पाणी करा आणि कानशिलांची रेषा आरशात न्याहाळा. दर वेळी त्याच जागेचे छायाचित्र काढून ठेवल्यास बदल चटकन ध्यानात येतो.

* रेषा मागे सरकत असल्याची शंका आली तर पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सुरुवातीच्या काळात औषधांचा उपयोग होतो. व्रण धरल्यावर होत नाही.

सारांश, गोंदाने जोडलेली वीव्ह ही प्रसंगापुरती सोय आहे. चार दिवसांच्या समारंभासाठी, टोपीच्या आडोशाने आणि जाणत्या हातांनी लावली तर ती फारसे नुकसान करीत नाही. केस वाढवण्याचा, जपण्याचा दीर्घकालीन उपाय म्हणून मात्र ती टिकत नाही. संरक्षक केशरचनेची खरी परीक्षा ती डोक्यावर असताना होत नाही. ती उतरवल्यावर आरशात दिसणाऱ्या स्वतःच्या केसांवरून होते. ते पूर्वीपेक्षा दाट, लांब आणि निरोगी दिसले तर रचना संरक्षक. कानशिले उघडी पडू लागली असतील, तर तिला काहीही नाव दिले तरी ते संरक्षण नव्हे.